मदत हवी आहे: कुशिंगच्या ऑपरेशननंतर स्टेरॉइड कमी करताना होणारा त्रास

नमस्कार मंडळी,

वय ३८. पाच महिन्यांपूर्वी माझं पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालं, नाकातून. गाठ जेमतेम ६ मिमीची, पण तीन वर्षं छळलं तिने. कुशिंग म्हणजे या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनतं. चेहरा गरगरीत, पोटावर जांभळे पट्टे, दाराचा कोपरा लागला तरी काळंनिळं, बीपी, शुगर. 'जेवण कमी कर, चालायला जा' हे इतकं ऐकलं की कुशिंगचं निदान झालं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

ऑपरेशननंतर कॉर्टिसोल तळाला गेलं. डॉक्टर खूश, कारण तेच तर हवं होतं. मी मात्र तेव्हापासून मुसळाने कुटल्यासारखी! सांधे, पोटऱ्या, पाठ सगळं ठणकतं, मळमळतं, ब्रश करेपर्यंत थकवा येतो, उगाच रडू येतं. शरीराला इतकी वर्षं जास्त कॉर्टिसोलची सवय लागली होती आणि कॉर्टिसोल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपल्यात. त्या जाग्या व्हायला सहा महिने ते दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, असं डॉक्टर म्हणाले. पटतं, पण सोसवत नाही.

सध्या हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलऐवजी घ्यायचं स्टेरॉइड) सकाळी १० मिग्रॅ, दुपारी ५ मिग्रॅ. संध्याकाळचे ५ मिग्रॅ गेल्या महिन्यात बंद केले आणि तिथूनच पुन्हा घसरगुंडी. सकाळी आठचं कॉर्टिसोल ३.८ आलं, म्हणजे अजून कमीच.

सासूबाई म्हणतात, "गाठ गेली ना, मग सोड की ते स्टेरॉइड." अचानक सोडलं तर जिवावर बेतेल हे मला माहीत आहे. तापात डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शन घेऊन थेट दवाखाना, हेही पाठ आहे. त्यावर सल्ला नको.

यातून गेलेल्यांना विचारायचंय: डोस उतरवल्यावर किती दिवस असं पडून होतात? कामावर कधी गेलात? आणि हा नुसता विथड्रॉवल (जास्त स्टेरॉइडची सवय सुटतानाचा त्रास) आहे की डोसच कमी पडतोय, हे घरी कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
ताई, मला चौदा महिने लागले. एकदम ५ उतरवल्यावर मीही आडवा झालो होतो. मग डॉक्टरांनी २.५ च्या पायऱ्या करून दिल्या. दर पायरीला दोन-तीन आठवडे वाईट गेले. लक्षणांवरून फरक मलाही कळायचा नाही, म्हणून बसून आणि उभं राहून बीपी मोजून लिहून ठेवायचो. उभं राहिल्यावर बीपी पडून चक्कर आली की लगेच डॉक्टरांना फोन. कामावर सहाव्या महिन्यात, तेही अर्धा दिवस.

धागाकर्ती:
आभार दादा. बीपीचं मशीन घरात आहेच, उभं राहून कधी मोजलंच नव्हतं. सोमवारी डॉक्टरांना २.५ चं विचारते.