गणपतीच्या गर्दीसाठी सरकता दुभाजक: मुंबई-गोवा हायवेवर चालेल का?

लोटेकर
मंडळी, गणपतीला कोकणात येणाऱ्या गाड्यांची रांग पेण-वडखळपासूनच लागते आणि शेजारच्या मुंबईकडच्या लेनवर त्या मानाने शुकशुकाट. गौरी-गणपती विसर्जन झालं की बरोबर उलटं. दरवर्षी हाच तमाशा.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवर यावर 1990 पासून एक उपाय चालू आहे. पूल आठ लेनचा. गर्दीच्या वेळी एका बाजूला पाच लेन, दुसऱ्या बाजूला तीन, आणि गर्दीची दिशा फिरली की हिशोबही फिरतो. मध्ये काँक्रीटच्या ठोकळ्यांची लांबच लांब साखळी, ठोकळे पिनांनी एकमेकांत अडकवलेले, वर टी आकाराची कड. एक गाडी ती कड धरून ठोकळे उचलते, स्वतःच्या पोटाखालून तिरके नेते आणि लेनभर बाजूला ठेवत पुढे सरकते. पँटची चेन ओढावी तसं, म्हणूनच तिकडे तिला झिपर म्हणतात. दोन्ही बाजूंची रहदारी चालूच असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरही जानेवारी 2015 मध्ये असाच दुभाजक बसला. त्याआधी तिथे माणसं गाडीवरून वाकून प्लॅस्टिकच्या नळ्या रस्त्यातल्या भोकांत हाताने खोचत असत!

पळस्पे ते इंदापूर (आपलं, रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे) रस्ता चौपदरी केलाय ना? मग सणापुरत्या तीन लेन येणाऱ्यांना आणि एक जाणाऱ्यांना द्या.

माणगावचा वाटसरू
लोटेकर, कल्पना झकास, जागा चुकली. ऑकलंडला आठ लेन, गोल्डन गेटला सहा. कमी गर्दीच्या बाजूलाही किमान दोन-तीन लेन उरतात. इथे उरणार एक. त्या एका लेनवर एखाद्या ट्रॅव्हल्सचा टायर बसला की मागचे सगळे तिथेच. बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला गटार. ॲम्ब्युलन्स कुठून काढणार?

शिवाय आपल्या चौपदरीच्या मध्ये कायमचा दुभाजक आहे, कण्हेर-बोगनवेल लावलेला. तो उखडणार?

लोटेकर
उखडायची गरज नाही. हवाईमध्ये होनोलुलूच्या एच-वन रस्त्यावर 1998 पासून असंच चालतं: मधला दुभाजक जागच्या जागी, समोरच्या बाजूची एक लेन ठोकळ्यांनी तोडून सकाळी गर्दीच्या दिशेला देतात. दोन टोकांना दुभाजकात आत-बाहेर जायला वाट ठेवली की झालं. ॲम्ब्युलन्सचा मुद्दा मान्य, पण आज तरी ती कुठून निघते? आपलेच भाऊ रांग सोडून उलट्या बाजूला घुसतात, समोरून एसटी येते, दोन्हीकडचं बंद. काँक्रीट असेल तर निदान घुसता येणार नाही.

डेपोतला
'शुकशुकाट' वाचून हसू आलं. गणपतीच्या जादा गाड्या कोकणात प्रवासी सोडल्यावर काय करतात? लगेच मुंबईला परत, पुढची खेप भरायला. ती गाडी वेळेत पोचली नाही की परळ-कुर्ल्याला लोक बॅगा, मखर घेऊन फलाटावर ताटकळतात. म्हणजे जाणारी लेन तुम्ही आवळलीत, तर येणाऱ्यांच्याच गाड्या उशिरा सुटणार. शुकशुकाट दिसतो तो कारवाल्यांना. आमच्या ड्रायव्हरला विचारा.

बांगडेवाला
+1 डेपोतला. आणि आमचे मासळीचे टेम्पो? अवजड वाहनांना बंदी असली तरी नाशवंत मालाला सूट असते, म्हणून आम्ही रात्री निघतो. बर्फ वितळायला थांबत नाही.

लोटेकर
डेपोतल्या दादांचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण एसटीच्या खेपा मोजता येतात. जास्त गाड्या परत जाण्याच्या वेळात दोन-दोन, बाकी वेळ तीन-एक. दुभाजक सरकता असण्याचा उपयोगच तो.

माणगावचा वाटसरू
बरं, धरून चालू की सगळं जमलं. तीन लेन भरून गाड्या इंदापूरला आल्या. पुढे? बायपास पूर्ण सुरू होत नाहीत तोवर इंदापूर आणि माणगाव या दोन बाजारपेठांतूनच जायचंय, एक लेन येणारी, एक जाणारी. नाक्यावर आजही होमगार्ड दोरी धरून उभे असतात, शाळेची पोरं पलीकडे न्यायला रहदारी थांबवतात, त्यात रिक्षा वळतात, त्यात कुणीतरी हार घ्यायला गाडी थांबवतो. इथून तासाला जेवढ्या गाड्या सुटतात तेवढ्याच सुटणार. तुमच्या यंत्राने त्या फक्त लवकर येऊन उभ्या राहतील. कोलाडला खोळंबायचं ते माणगावला खोळंबायचं, एवढाच फरक.

कुडाळकर
आमच्या खिशातसून टोल घेवन मशीन येतला, आनी गणपती झाल्यार गंजत पडतला. ता चलवक मानूस खय गावतलो?

घाटचढ्या
यंत्राशिवायही दिशा वेगळ्या करता येतात. 2023 च्या गणपतीत याच हायवेवरच्या कशेडी घाटातला एकच बोगदा उघडला, तोही कोकणात येणाऱ्या लहान गाड्यांसाठी. बाकीच्यांना जुना घाट. लहान गाड्यांच्या दोन दिशांना दोन वाटा, त्यांनी समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. एक्स्प्रेस-वेवर खंडाळ्याच्या घाटातही सुट्टीच्या गर्दीला पोलीस मुंबईकडची रहदारी थोडा वेळ अडवून वर चढणाऱ्यांना सगळ्या लेन देतात. शंकू आणि शिट्टी, बस्स. गोल्डन गेटच्या कामाला सुमारे 3 कोटी डॉलर लागले, आणि तिथे दुभाजक रोज सरकतो. आपल्याकडे वर्षातून दोन आठवडे सरकणार.

लोटेकर
शंकूवर माझा विश्वास नाही, भाऊ. पहिला बोलेरोवाला तो उचलून बाजूला ठेवतो. काँक्रीटचा एक ठोकळा सहाशे-सातशे किलोचा, तो कोण उचलतो बघू. विकत नको, भाड्याने आणा. आणि इंदापूरच्या पुढे नकोच, माझा आग्रह वडखळ ते नागोठणे एवढ्यापुरता.

माणगावचा वाटसरू
मग वडखळ-नागोठण्यात वाचलेला अर्धा तास माणगावच्या रांगेत जाणार, हे लिहून ठेवा. त्यापेक्षा तेवढ्या पैशात बाजारपेठेतल्या टपऱ्या मागे सरकवा आणि एसटी थांबायला बाजूला जागा काढा. सरकवायचंच असेल तर तिथून सुरुवात.

डेपोतला
टपऱ्या सरकवणार कोण? त्यातली एक आमच्याच कंडक्टरच्या मेव्हण्याची आहे.