फाइल पाठवू नका, कॅलेंडरच शेअर करा

जूनमध्ये शाळेच्या सुट्ट्यांची यादी फाइल करून पालकांना पाठवायची, त्यांनी ती आपापल्या गुगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केली की वर्षाची काळजी मिटली, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. इम्पोर्ट म्हणजे त्या दिवसापुरती नक्कल. नंतर शाळेने तारीख बदलली तरी पालकांच्या फोनमध्ये जुनीच राहते. आमच्याकडे मुंबईत २०२५ साली नेमकं हेच झालं. ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी आली, म्हणून सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांपुरती ती ८ तारखेला नेली. त्याच्या आदल्या वर्षीही १६ सप्टेंबरची १८ झाली होती. फाइल घेतलेल्या पालकांचे फोन दोन दिवस थांबत नव्हते, आणि ज्या घरी आई-वडील दोघेही नोकरीला जातात तिथे अशा एका तारखेने खरंच हाल होतात.

म्हणून आता शाळेच्या नावाने वेगळं कॅलेंडर केलंय आणि तेच शेअर करतो. पालकांना फक्त बघता येतं, बदल करायचा हक्क मी आणि ऑफिसमधल्या बाई, एवढ्या दोघांनाच. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गशिक्षकांना हक्क दिला होता, तेव्हा घटक चाचणीची नोंद कुणाच्या तरी हातून पुसली गेली. पावसाची अचानक सुट्टी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकतोच, कारण लिंक वापरून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये कॅलेंडर जोडलेल्यांना बदल दिसायला कित्येक तास लागू शकतात.