मदत हवी आहे: आईचा तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) दुरुस्त करायचाय

नमस्कार मंडळी, आई मागच्या महिन्यात गेली, ८१ वर्षांची होती. पंचवटीत वाढली, तिच्या वडिलांचा टांगा होता, तेव्हापासून जे घोड्यांचं वेड लागलं ते शेवटपर्यंत, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडे बघायला जायचीच, घ्यायचं काही नाही, नुसती उभी राहून कान बघायची. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळतात, टोकं जवळजवळ टेकतात, हे माझ्या मुलीला आजीनेच शिकवलं. गूळ द्यायचा तर तळहात सपाट ठेवायचा, बोटं वाकवायची नाहीत, हेही.

आता तिच्या ट्रंकेत आजोबांचा खरारा (घोड्याचं अंग घासायचा ब्रश) आणि चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, तोबरा सापडलाय. तोबऱ्याचा कातडी पट्टा तुटलाय, शिवण उसवलीय, पण आत अजून हरभऱ्याची टरफलं आहेत, ती मला काढवत नाहीयेत. नाशिकमध्ये खोगीर, लगाम वगैरे शिवणारा जुना कारागीर कोणाला माहीत आहे का? नवीन नकोय, हाच नीट करायचाय.

आणि कोणाकडे १९५०-६० च्या सुमाराचे नाशिकच्या टांग्यांचे फोटो असतील तर प्लीज दाखवा, आमच्याकडे एकही नाही. यंदा मुलीला घेऊन सारंगखेड्याला जायचंय, शहाद्यात राहायची सोय कुठे बरी आहे तेही सांगा.