लग्नाच्या कागदी पत्रिका छापायच्या का? किती आणि कोणासाठी?

फडकेरोडवाली:
डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, कार्यालय डोंबिवलीतच. मुलगी आणि होणारे जावई दोघंही म्हणतात, कागद वाया घालवू नका, व्हिडिओ पत्रिका करून व्हॉट्सअॅपवर पाठवू, लोकेशनही त्यातच देऊ. ह्यांचं एकदम उलट. पाचशे छापायच्याच, नाहीतर गावाकडचं कुणी येणार नाही. (गाव कराडजवळ. भावकी मोठी आणि रुसवेफुगवे त्याहून मोठे.) पाहुणे साधारण चारशे.

मला ज्यांना खरंच लागते त्यांच्यापुरतीच छापायची आहे, पण ते ठरवायचं कसं? थोरल्या दिरांच्या मुलाची पत्रिका फॅमिली ग्रुपवर टाकली होती. ह्यांच्या आत्या म्हणाल्या, "ग्रुपवर तर दूधवाल्याचा हिशोबही येतो." आणि लग्नाला आल्या नाहीत.

खिळेजुळारी:
ताई, माझा कराडलाच छापखाना, आता मुलगा बघतो. म्हणजे माझं मत कागदाच्या बाजूनं असणार, हे धरूनच वाचा. तरी सांगतो, पाचशे छापू नका.

यादी माणसांची करू नका, घरांची करा. चारशे पाहुणे म्हणजे फार तर दीडशे घरं. त्यातल्या ज्या घरी तुम्ही दोघं किंवा निदान एक जण स्वतः जाणार, कुंकू लावून अक्षता देणार, चहा घेणार आणि "सगळ्यांनी यायचं" म्हणणार, तेवढ्याच पत्रिका. आत्याबाई रुसल्या त्या कुणी त्यांची पायरी चढलं नाही म्हणून. पत्रिका हातात असली की जाणाऱ्याला जायला निमित्त होतं आणि घरच्यांना ती फळीवर ठेवता येते. गठ्ठा गावात कुणा पोराकडं देऊन "वाटून टाक" म्हणणार असाल तर मात्र मुलीचं ऐका, व्हिडिओ बरा.

आता छपाईचं. शंभर आणि दोनशेच्या बिलात वाटतं तेवढा फरक पडत नाही, कारण मजकूर लावणं, स्क्रीन करणं हा खर्च एकदाच. पाकिटं मात्र वीसेक जास्तीची घ्या, नावं लिहिताना चुकतातच. चकचकीत लॅमिनेशनचं कार्ड दुकानात फार छान दिसतं, पण त्यावर ओलं कुंकू ठरत नाही, बोट लावलं की घसरून खालच्या नावावर येतं. गडद मरून पाकिटावर पेनही उमटत नाही. जरा खरखरीत, फिकट कागद घ्या. आणि जाड, तीन घड्यांचं कार्ड टपालानं पाठवायचं तर आधी पोस्टात वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं की पत्रिका नॉटपेड होते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पाहुण्यालाच भरावे लागतात. मग बसा समजूत काढत.

प्रूफ आलं की वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. मुहूर्ताची वेळ आणि जेवणाची वेळही बघा. "आपले नम्र"च्या खाली आज्यापासून नातवापर्यंत सगळे येतात, तिथं नावांचा क्रम घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लावा. आमच्याकडं त्यावरून छापलेले गठ्ठे परत आलेत.

एक गंमत सांगतो. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि लग्नासाठी खात्यातून अडीच लाखांपर्यंत रोख काढायची तर बँक पुराव्यात पत्रिकाही मागायची. "आम्ही काही छापत नाही" म्हणणारेसुद्धा तेव्हा पळत आले होते.

ठाणेकर८२:
काकांचं बरोबर असेल, पण माझा अनुभव ऐका. २०२० मध्ये बहिणीचं लग्न. पत्रिका छापून तयार, निम्म्या वाटून झालेल्या, आणि टाळेबंदी लागली. तारीख हलली, मग ५० माणसांची मर्यादा आली. प्रत्येक घरी फोन करून "येऊ नका" सांगायचं काम माझ्याकडे होतं! डिजिटल असती तर एका मेसेजात भागलं असतं. शिवाय मुंबई-ठाण्यात एका रविवारी अंधेरी, कल्याण, विरार करून दाखवा. मेगाब्लॉक असतोच.

फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर चित्र किंवा व्हिडिओच पाठवा. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी) पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार झाल्यापासून लोक अनोळखी नंबरवरची पत्रिका उघडतच नाहीत, आणि बरोबरच आहे. ज्याची ओळख त्याच्याच नंबरवरून जाऊ द्या.

नोंदणीवाले:
दोन्ही बाजूंनी राहून गेलेली गोष्ट: विवाह नोंदणी. महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जासोबत (नमुना ड) जी कागदपत्रं लागतात त्यात लग्नपत्रिका असते. नसेल तर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. म्हणून अगदी थोड्या छापल्या तरी दोन-चार कोऱ्या, कुंकू न लावलेल्या बाजूला ठेवा. मुलीचं नाव आधारवर आहे तसंच छापा. घरात "पिंकी" म्हणत असाल तर ते कंसातसुद्धा नको. नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदार आणि भटजींची सहीही लागते, तेव्हा भटजींचा नंबर लग्नानंतर लगेच खोडू नका.

फडकेरोडवाली:
सगळ्यांचे आभार. काल रात्री घरांची यादी केली. गावाकडची ६० आणि इकडची ३५ भरली. सव्वाशे छापतोय. पहिली फडके रोडच्या गणपतीपुढे, दुसरी जेजुरीला खंडोबाला. बाकीच्यांना मुलीचा व्हिडिओ, पण सोबत मी फोन करणार. कराडला ह्यांना शनिवारी पाठवतेय, आधी आत्यांकडेच.

आता नवीन वाद. मुलीला "माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं" ही भाच्यांची ओळ नकोय, बालिश वाटते म्हणे. ह्यांना ती हवीच.

खिळेजुळारी:
ठेवा. ज्या पोरांची नावं छापली जातात त्यांचे आईबाप लग्नाला हमखास येतात. प्रूफ पाठवा, वार-तारीख मी फुकटात तपासून देतो.