न्यूक्लियर फिजिक्समध्ये पीएचडी करून एसएमआरवर काम मिळतं का?

गोदाकाठची_ताई
धाकटा भाऊ इथेच नाशिकला एमएस्सी फिजिक्स फर्स्ट इयरला आहे. २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी जाहीर झाले ना, तेव्हापासून एकच धोशा, न्यूक्लियर फिजिक्समध्ये पीएचडी करायची आणि एसएमआरवर (स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर, म्हणजे याच छोट्या भट्ट्या) काम करायचं. बाबा म्हणतात गपचूप बीएड कर. यात खरंच काही आहे की नुसती हवा? त्या लाईनमधलं कुणी असेल तर सांगा प्लीज.

न्यूट्रॉनवाला
ताई, न्यूक्लियर फिजिक्सची पीएचडी आणि भट्टीचं काम यात बरंच अंतर आहे. पीएचडीवाले बरेच जण मुंबईत टीआयएफआर नाहीतर दिल्लीत आययूएसी या संशोधन संस्थांच्या पेलेट्रॉनवर (कणांना वेग देणारं यंत्र) बीम टाइमची, म्हणजे ते यंत्र वापरायच्या पाळीची, वाट बघत असतात, मिळाला की रात्रंदिवस शिफ्टा, डिटेक्टरला लिक्विड नायट्रोजन भरा, मग पुढे कितीतरी महिने त्या डेटाशी झटापट. मी केलंय, मजा येते, पण त्यात भट्टी कुठे दिसत नाही.

एसएमआरला रिॲक्टर फिजिक्स लागतं. भट्टीचा गाभा छोटा केला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, न्यूट्रॉन जास्त निसटतात, मग अणुविखंडनाची साखळी टिकवायला युरेनियम जास्त समृद्ध करावं लागतं, म्हणजे त्यातलं यू-२३५ चं प्रमाण वाढवावं लागतं. आपले २२० मेगावॅटवाले जड पाण्याचे रिॲक्टर नैसर्गिक युरेनियमवर चालतात, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) करतंय त्या २०० मेगावॅटच्या बीएसएमआरला (भारत स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर) मात्र थोडं समृद्ध लागणार. फायदाही छोटेपणातच आहे म्हणा. भट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या ६-७ टक्के उष्णता निघतच असते, ती छोट्या भट्टीत पंपाशिवाय, गरम पाणी वर थंड खाली असं आपोआप फिरवून काढता येते. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या प्रा. होझे रेयेस यांच्या टीमने युरेनियमच्या जागी विजेचे हीटर लावून, एक तृतीयांश उंचीच्या मॉडेलवर हेच तपासलं, त्यातून २००७ ला नूस्केल ही एसएमआरची कंपनी निघाली.

भावाला सांगा ओपनएमसी हे भट्टीतल्या न्यूट्रॉनचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाकून एक साधी इंधनकांडी मॉडेल कर, आवडतंय का ते तिथेच कळेल.

एकलहरेकर
नूस्केलचं पुढे काय झालं तेही सांगा की राव! युटाच्या वीज संस्थांसाठीच्या त्यांच्या प्रोजेक्टच्या विजेचा अंदाजित दर ५८ डॉलरवरून ८९ डॉलर प्रति मेगावॅट-तास झाला आणि नोव्हेंबर २०२३ ला प्रोजेक्ट गुंडाळला. आमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा कोळशावरचा एक संच २१० मेगावॅटचा, त्यामुळे अशा जागी एसएमआर बसवता येईल असं कागदावर छान वाटतं. चालू किती झालेत? रशियाचा तरंगता प्रकल्प २०२० पासून, चीनचा एचटीआर-पीएम हा वायूने थंड होणारा प्रकल्प २०२३ पासून. आपल्याकडे ५ भट्ट्यांचं टार्गेट २०३३ चं आहे.

न्यूट्रॉनवाला
खर्चाचं बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण भट्ट्या २०३३ ला चालवायच्या तर डिझाइनला माणसं आत्ताच लागणार ना. ताई, पीएचडीच्या आधी बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलचा ओसीईएस हा भरतीचा कोर्स बघा, गेटच्या स्कोअरवर इंटरव्ह्यूला बोलावतात, वर्षभर स्टायपेंडसकट ट्रेनिंग, पास झाला की सायंटिफिक ऑफिसर. पीएचडी नोकरीत राहून होते. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर सरसुद्धा व्हीजेटीआयचे मेकॅनिकलवाले, याच ट्रेनिंग स्कूलमधून पुढे गेले.

गोदाकाठची_ताई
अरे वा, हे बाबांना पटेल, पहिल्या दिवसापासून पैसे म्हटल्यावर! मार्कांची अट असते का?

न्यूट्रॉनवाला
६० टक्के. पहिल्या सेमला किती आहेत?

गोदाकाठची_ताई
५७ 😬

न्यूट्रॉनवाला
मग ओपनएमसी सुट्टीत. आधी क्वांटम आणि मॅथ मेथड्सचे पेपर नीट काढायला सांगा.