सी, ए आणि ओ असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द : अर्थ कसे लिहावेत?

प्रश्न : एक पालक, म्हापसा

नमस्कार. माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि गोव्यातील बहुतेक मुलांप्रमाणे पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेली. सुट्टीचा अभ्यास म्हणून तिला सी, ए आणि ओ ही तिन्ही अक्षरे असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधून त्यांचे मराठी अर्थ लिहायचे आहेत. क्रम कोणताही चालेल, एखादे अक्षर दोनदा आले तरी हरकत नाही, मात्र विशेषनामे आणि अनेकवचने नकोत. इंटरनेटवर याद्यांना तोटा नाही. पण त्यांतील अर्थ यंत्राने उरकलेले दिसतात. एका यादीत ‘कोच’पुढे केवळ ‘डबा’ आणि ‘कोको’पुढे चक्क ‘नारळ’ असे लिहिले आहे. शब्द कसे निवडावेत आणि अर्थ कसे लिहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षिका, फोंडा

याद्या मिटून ठेवाव्यात आणि तीन अक्षरांच्या जागा आधी ठरवाव्यात, म्हणजे शब्द सुचू लागतात. ओच्या लगेच पुढे ए आला की दोहोंचा मिळून बहुधा एकच लांब ‘ओ’ होतो : कोस्ट म्हणजे किनारा, क्लोक म्हणजे अंगावर पांघरायचा सैल झगा, क्रोक म्हणजे बेडकाचे डरावणे. याच घरातला ‘पोच’ हा शब्द मुलीला अवश्य शिकवावा, कारण अंडे फोडून कवचाविना गरम पाण्यात शिजवणे आणि दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणे असे त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. सी-ए-एल हा शेवट घेतला की लोकल, व्होकल आणि फोकल मिळतात. ते सोपे आहेत.

ए आणि ओ यांच्या आधीचा सी ‘क’ असाच उच्चारला जातो, पण ‘ओशन’मध्ये पुढे ई असल्याने त्याचा ‘श’ होतो. सी-एचचे मात्र काही खरे नाही : ‘कोच’मध्ये तो ‘च’ आहे, तर ‘केऑस’मध्ये आणि येमेनच्या बंदरावरून नाव पडलेल्या ‘मोका’ कॉफीत ‘क’ आहे. ‘केऑस’चा अर्थ ‘गोंधळ’ एवढाच लिहू नये. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर होतो तो गोंधळ. सिग्नल बंद पडून चारी बाजूंची वाहने चौकात एकमेकांत अडकतात आणि कोणाचेच कोणी ऐकत नाही, ती केऑस, म्हणजे अनागोंदी. ‘कोच’पुढे रेल्वेचा डबा, लांब पल्ल्याची बस आणि खेळाचा प्रशिक्षक हे तिन्ही अर्थ हवेत. हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या गावात बनणाऱ्या घोडागाडीवरून आला, आणि विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेणारा शिकवणारा तो ‘कोच’, ही पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी केलेली थट्टा होती.

उत्तर : भाषेचा एक अभ्यासक, पणजी

वरील उत्तराला पुस्ती जोडतो. या तीन अक्षरांत समुद्रमार्गाने इंग्रजीत आलेले बरेच शब्द सापडतात आणि त्यांपैकी दोन तर आपल्या दारावरून गेले आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘कोब्रा’ म्हणजे कोणताही साप. भारतात फणा काढणारा साप पाहून त्यांनी त्याला ‘कोब्रा दे कापेलो’, म्हणजे टोपडेवाला साप, असे नाव दिले. इंग्रजांनी त्यातला पहिला शब्द तेवढा ठेवला, म्हणून इंग्रजीत त्याचा अर्थ ‘नाग’. किंग कोब्रा मात्र नागाच्या प्रजातीतला नाही. त्याला नागराज म्हणावे. ‘कोप्रा’ मल्याळममधून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला आणि त्याचा अर्थ आहे तेल काढण्यासाठी वाळवलेले खोबरे. आपण सोलकढीसाठी किसतो त्या ओल्या खोबऱ्याला कोप्रा म्हणता येत नाही. अशा शब्दांचा मोठा शोध बार्देशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी घेतला. त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा कोश १९१९ ते १९२१ या काळात दोन खंडांत निघाला.

‘कोको’पुढे ‘नारळ’ लिहिणे साफ चूक आहे. तो शब्द मेक्सिकोच्या नाहुआट्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे ‘ककाओ’ या रूपात आला. ‘ककाओ’ हाही पाच अक्षरीच, त्यामुळे दोन्ही घ्यावेत : ककाओ म्हणजे झाड व त्याच्या बिया, आणि कोको म्हणजे त्या बियांची पूड किंवा तिचे पेय. नारळाच्या इंग्रजी नावातील ‘कोको’ निराळा आहे. करवंटीवरील तीन डोळ्यांमुळे ती वेडावणाऱ्या चेहऱ्यासारखी दिसते, यावरून पोर्तुगीज खलाशांनी तो दिला.

उत्तर : वास्कोहून एक वाचक

‘कार्गो’ आणि ‘कनू’ हे दोन शब्द राहिले. कार्गो म्हणजे जहाजातून किंवा विमानातून नेला जाणारा माल. मांडवी आणि झुआरीतून बार्जवर लादून मुरगाव बंदराकडे जाणारे खनिज हा कार्गोच. ‘कनू’चा अर्थ नुसता ‘होडी’ लिहिल्यास अपुरा ठरेल. ती अरुंद व हलकी असते, आणि तिचे वल्हे काठाला अडकवलेले नसून वल्हवणाऱ्याच्या हातात सुटे असते.

प्रश्नकर्ते पालक

सर्वांचे आभार. ‘ओशन’ आणि ‘कोप्रा’ तिने लगेच वहीत उतरवले. स्वल्पविराम या अर्थाचा ‘कॉमा’ चालेल का? तिची मैत्रीण म्हणते की तो चार अक्षरी आहे.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षिका, फोंडा

अवश्य चालेल. त्यात एम दोनदा येतो, म्हणून अक्षरे पाच होतात. मैत्रिणीच्या मनात एकाच एमचा ‘कोमा’ असावा. त्याचा अर्थ दीर्घ बेशुद्धावस्था, आणि तो चार अक्षरी असल्याने या अभ्यासात बसत नाही.