जहाज ट्रॅकिंगवरून गायब झालं म्हणजे नक्की काय होतं? एआयएसबद्दल कोणी नीट सांगेल का

दादाची_धाकटी

नमस्कार सगळ्यांना. माझा दादा बल्क कॅरिअरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं जहाज) थर्ड ऑफिसर आहे आणि यावेळी पहिल्यांदाच एवढा मोठा महासागर ओलांडून जातोय. मी मोबाइलवर जहाज ट्रॅकिंगचं अ‍ॅप टाकलंय, बंदरातून निघाले तेव्हा ठिपका दर थोड्या वेळाने पुढे सरकत होता, आईला पण दाखवत होते, ती खूश होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ठिपका समुद्रात एका जागी थिजलेला आणि खाली लिहिलंय शेवटची माहिती १९ तासांपूर्वीची. आज चौथा दिवस, तसाच आहे. दादाचाही मेसेज नाही, त्याने आधीच सांगितलं होतं की मधले काही दिवस नेट मिळणार नाही, तरी आई दर तासाला विचारते सरकला का गं ठिपका.

मला वाटायचं हे सगळं उपग्रहावरून दिसतं, मग मधेच दिसायचं बंद कसं होतं? जहाजावरची सिस्टिम बंद पडली असेल का? आणि अजून एक, निघाल्यावर वेग १२ नॉट दाखवत होता पण स्टेटस मात्र धक्क्याला बांधलेलं असं होतं, दोन्ही एकदम खरं कसं असेल? कृपया सोप्या भाषेत सांगा, आईला समजावायचंय.

ब्रिजवरची_रात्र

ताई, आधी आईंना सांगा की जे दिसतंय ते अगदी नेहमीचं आहे. मी चीफ ऑफिसर म्हणून काम करतो, माझ्या घरचेही पहिल्या पहिल्यांदा असेच घाबरायचे.

तुमचा मूळ समज थोडा बदलायला हवा. उपग्रह वरून जहाज बघतोय आणि नकाशावर ठिपका काढतोय असं नसतं. जहाज स्वतः बोलत असतं. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, एआयएसचा (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम, जहाजाने आपली ओळख आपोआप सांगायची यंत्रणा) ट्रान्सपाँडर असतो, तो जीपीएसकडून जागा घेतो, जायरो कंपासकडून तोंड कुठे आहे ते घेतो आणि व्हीएचएफ रेडिओवर बोलून टाकतो, मी अमुक, इथे आहे, एवढ्या वेगाने या दिशेला चाललोय. ऐकायला कोणी असलं तर ठीक, नसलं तरी तो बोलतच राहतो. तुमचा ठिपका थिजला म्हणजे जहाज थांबलं नाही की गप्पही झालं नाही, ऐकणारा मागे राहिला एवढंच.

व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं, पृथ्वी गोल आहे त्यामुळे क्षितिजाच्या फार पलीकडे पोचत नाही. दोन्ही जहाजांचे अँटेना ३० मीटर उंचीवर धरले तर हिशोबाने २४ सागरी मैलांच्या आसपास येतं. किनाऱ्यावर डोंगरावर अँटेना असेल तर ४० मैल किंवा थोडं जास्त. म्हणजे किनारा सोडल्यावर काही तासांतच तुमचं अ‍ॅप ज्या रिसीव्हरवरून माहिती घेत होतं तो मागे पडला.

आणि मुळात ही यंत्रणा घरच्यांना बघता यावं म्हणून केलेलीच नाही, टक्कर होऊ नये म्हणून केलीय. सोलास या समुद्रातल्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि वरच्या सगळ्या जहाजांवर, शिवाय सगळ्या प्रवासी जहाजांवर, २००४ संपेपर्यंत बसवणं सक्तीचं झालं. त्याआधी रेडिओवर हाक मारायची ती अंदाजाने, माझ्या डाव्या हाताला चार मैलांवर असलेलं जहाज, असं म्हणायचं, आणि उत्तर आलं तरी नेमकं तेच जहाज बोलतंय का हे कळायचं नाही. आता स्क्रीनवर नावच येतं. रात्री गर्दीच्या पाण्यात पंधरा वीस दिवे दिसत असतात तेव्हा त्यातला कोणता कोण हे कळणं म्हणजे काय हे वॉचवर उभं राहिल्याशिवाय नाही समजायचं.

स्टेटसचं कारण सोपं आहे. जागा, वेग, दिशा हे आपोआप जातं, पण बांधलेलं आहे, नांगरावर आहे की इंजिनावर चालू आहे हे ऑफिसरने हाताने बदलायचं असतं. पुढचं बंदर, पोचायची वेळ, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) हे पण हातानेच. निघायच्या गडबडीत राहून जातं. म्हणून वेग आणि स्टेटस यांचं जमत नसेल तर वेगावर विश्वास ठेवा.

गच्चीवरचा_अँटेना

वरच्या साहेबांनी जहाजाच्या बाजूने सांगितलं, मी ऐकणाऱ्या बाजूने सांगतो. मी छंद म्हणून एआयएस ऐकतो, गच्चीवर एक उभा अँटेना, टीव्ही बघायच्या यूएसबी डाँगलचा रिसीव्हर केलाय आणि एक छोटा कॉम्प्युटर, बस एवढंच. ट्रॅकिंगच्या साइट्सना किनाऱ्याजवळची बरीचशी माहिती माझ्यासारख्या हौशी लोकांकडूनच फुकट जाते.

स्क्रीनवर काय येतं ते सांगतो. उद्गारचिन्हाने सुरू होणारी एक ओळ, त्यात एआयव्हीडीएम अशी अक्षरं, दोनचार आकडे स्वल्पविरामांनी तोडलेले आणि मग कुणीतरी कीबोर्डवर हात आपटल्यासारखी २८ अक्षरं. त्या २८ अक्षरांतच सगळं असतं. एकेक अक्षर म्हणजे ६ बिट, एकूण १६८ बिट. पहिल्या ६ बिटांत मेसेजचा प्रकार, मग ३० बिटांत जहाजाचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर (रेडिओवरचा त्याचा ओळख क्रमांक), ४ बिटांत स्टेटस (तुमचं ते बांधलेलं म्हणजे ५ हा आकडा), १० बिटांत वेग, मग रेखांश अक्षांश. जागा एका मिनिटाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत लिहिलेली असते, म्हणजे साधारण १८ सेंटीमीटर, अर्थात जीपीएस तेवढं अचूक नसतं. एमएमएसआयचे पहिले तीन आकडे देशाचे, ४१९ भारत, ६३६ लायबेरिया. जहाजाचं नाव मात्र या मेसेजमध्ये नसतंच! नाव, आकार, पुढचं बंदर हे वेगळ्या मोठ्या मेसेजमध्ये दर ६ मिनिटांनी जातं, म्हणून नवीन जहाज रेंजमध्ये आलं की आधी नुसता नंबर दिसतो आणि थोड्या वेळाने त्याला नाव चिकटतं. ते बघायला मला अजूनही फार आवडतं.

आता खरी कमाल ऐका. शेकडो जहाजं एकाच वेळी दोनच चॅनलवर बोलतात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, आणि मधे कोणी नियंत्रक नाही, तरी गोंधळ होत नाही. कारण प्रत्येक चॅनलवर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेत, एक तुकडा २६.६७ मिलिसेकंदांचा. सगळ्यांची घड्याळं जीपीएसवर जुळवलेली. प्रत्येक जहाज आधी ऐकतं कोणते तुकडे रिकामे आहेत, एक घेतं, आणि बोलतानाच सांगून ठेवतं की पुढच्या वेळी मी अमुक तुकड्यात बोलणार, तो सोडा. पंगतीत पान राखून ठेवावं तसं. आणि फारच गर्दी झाली तर सगळ्यात लांबच्या जहाजाचा तुकडा वापरतं, कारण टकरीची भीती जवळच्याची असते, लांबचा ऐकू आला नाही तरी चालतं. ज्यांनी हे डोक्यातून काढलं त्यांना मनापासून नमस्कार.

किती वेळाने बोलायचं ते वेगावर ठरतं. नांगरावर किंवा बांधलेलं असेल तर ३ मिनिटांनी, १४ नॉटपर्यंत १० सेकंदांनी, त्याच्यावर ६, आणि २३ च्या वर २ सेकंदांनी, वळत असेल तर अजून लवकर. हे मोठ्या जहाजांच्या क्लास ए सेटचं. छोट्या बोटींच्या क्लास बी सेटची पॉवर कमी असते आणि त्या इतक्या वारंवार बोलत नाहीत.

उपग्रहाचं विचारलंत ना, तेही आहे. काही उपग्रह हेच व्हीएचएफ मेसेज वरून ऐकतात. पण उपग्रहाला एकाच वेळी हजारो किलोमीटरचा समुद्र ऐकू येतो, आणि ही पानं राखण्याची पद्धत फक्त आसपासच्या जहाजांपुरती असते, त्यामुळे लांबलांबची दोन जहाजं एकाच तुकड्यात बोलतात आणि वर दोघांचा आवाज एकात एक मिसळतो. भर महासागरात जहाजं विरळ, तिथे उपग्रहाला चांगलं ऐकू येतं. म्हणजे दादाचं जहाज उपग्रहाला बहुतेक ऐकू येतच असेल, फक्त ती माहिती साइट्स साधारणपणे पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतात.

दादाची_धाकटी

खूप खूप आभार दोघांचेही. पानं राखायचं उदाहरण आईला लगेच कळलं. पण आता तिचा पुढचा प्रश्न, आपल्याला दिसत नाही ते ठीक, पण कोणाला तरी माहीत असतं ना जहाज कुठे आहे? आणि काही झालंच तर?

ब्रिजवरची_रात्र

हो, नक्की माहीत असतं. एआयएसपेक्षा वेगळी एलआरआयटी नावाची यंत्रणा असते, ती उपग्रहाच्या संपर्कातून दर ६ तासांनी जहाजाची जागा ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाकडे पाठवते. ती लोकांसाठी उघडी नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही. शिवाय रोज दुपारी कंपनीला नून रिपोर्ट जातो, जागा, वेग, इंधन, हवामान सगळं. फारच काळजी वाटली तर कंपनीच्या ऑफिसला फोन करा, घरच्यांनी विचारलं तर सांगतात, त्यात संकोच करायचं काही नाही.

आणि संकटाचा निरोप या ठिपक्यावरून जायची वाट कोणी बघत नाही. त्यासाठी ईपर्ब नावाचं संकटाचा सिग्नल देणारं यंत्र असतं, जहाज बुडायला लागलं तर पाण्याच्या दाबाने ते आपोआप सुटून वर येतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक मारतं. लाइफबोटीत न्यायला एआयएस सार्ट असतं, त्याचा नंबर ९७० ने सुरू होतो आणि जवळच्या सगळ्या जहाजांच्या स्क्रीनवर वेगळी खूण उमटते. हे सगळं तपासण्याचं काम बऱ्याच जहाजांवर थर्ड ऑफिसरकडेच असतं, म्हणजे तुमचा दादाच ते बघत असणार.

नोंदवही

एक गोष्ट जोडतो, वरच्या माहितीला धरूनच. जहाज स्वतःबद्दल जे बोलतं ते खरंच आहे का हे एआयएस तपासत नाही, त्यात कुठलंही कुलूप नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ वीसेक जहाजं नकाशावर एकदम गेलेंजिकच्या विमानतळावर दिसायला लागली. तिथे एआयएस प्रामाणिक होतं, त्याला जागा पुरवणाऱ्या जीपीएसलाच कुणीतरी खोटे सिग्नल देऊन फसवलं होतं. जून २०२१ मधला प्रकार वेगळा, ब्रिटिश युद्धनौका डिफेंडर आणि डच युद्धनौका एव्हर्टसेन ओडेसाच्या बंदरात उभ्या असल्याचं वेबकॅमवर दिसत होतं आणि ट्रॅकिंगवर मात्र त्या सेवास्तोपोलकडे निघालेल्या. तिथे मेसेजच बनावट होते. तिसरा प्रकार म्हणजे बंद करणं, चाच्यांचा धोका असेल तर कॅप्टनला ती मुभा आहे, पण निर्बंध चुकवणारे टँकरही तेच करतात.

म्हणून मला काळजी वाटते ती या नकाशालाच पुरावा मानणाऱ्या बातम्यांची. जहाज तिथे होतं आणि जहाज तिथे असल्याचं ऐकू आलं, या दोन वाक्यांत फरक आहे, आणि त्या फरकावरून देशांमध्ये भांडणं लागू शकतात.

ब्रिजवरची_रात्र

अगदी बरोबर. आम्हालाही हेच शिकवतात, आधी खिडकीतून डोळ्यांनी बघ, मग रडार, मग एआयएस. रडार स्वतः जाऊन समोरच्याला शोधून येतं, एआयएस समोरच्याने सांगितलेलं ऐकतं. मासेमारीच्या जाळ्यांनाही आजकाल एआयएसचे बीकन लावतात, एका रात्री स्क्रीनवर ओळीने सात जहाजं होती आणि बाहेर एकही दिवा नाही. आणि उलट, लाकडी होडीत एआयएसच नसतं, ती फक्त डोळ्यांना दिसते. रात्री मला जास्त भीती तिचीच वाटते.

दादाची_धाकटी

सहा दिवसांनी लिहितेय. आज पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ठिपका हलला! एकदम पार पलीकडच्या किनाऱ्याजवळ उगवला आणि स्टेटसही आता इंजिनावर चालू असं आहे. आठ वाजता दादाचा मेसेज आला, जेवलीस का म्हणून. अ‍ॅपने जुनी जागा आणि नवी जागा सरळ रेघेने जोडलीय आणि ती रेघ मधल्या एका बेटावरून आरपार गेलीय. आईने ते बघून विचारलं, अगं जमिनीवरून कसं गेलं जहाज? मग मी तिला तुम्ही सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, यावेळी नकाशावर बोट ठेवून.